भिंतीबाईची आंघोळ

घराची दर्शनी भिंत एकच होती, पण रंग दोन होते. डावा अर्धा भाग थोरल्या जावेचा, म्हणून पांढरा. उजवा धाकटीचा, म्हणून मोतिया. मधोमध ओळंबा लावून मारलेली रेघ. रंग कोणता द्यायचा यावरून जावांची जुंपली होती आणि तेव्हापासून चहाची भांडीही वेगळी आणि दोघींत अबोला होता. दोघीही त्याला कंटाळल्या होत्या, पण पहिलं बोलायचं कोणी? जी बोलेल तिचा रंग हरला. भाऊ-भाऊ मात्र बोलत होते. त्यांना रंगातलं काही कळत नव्हतं.

मग शेवाळ आलं. त्याला वाटणी मान्य नव्हती. ते दोन्हीकडे सारख्याच मायेनं पसरलं आणि घर एकजात हिरवं झालं. हा रंग कोणीच सुचवला नव्हता.

एका सकाळी धाकटीनं कंबर कसली. मोतिया उजळला की थोरली बाहेर येईल, बघेल आणि आपणहून म्हणेल, "बाई, तुझंच खरं होतं." एवढीच तिची माफक अपेक्षा होती.

भिंत कशी धुवावी याबद्दल धाकटीच्या नवऱ्यानं मिळेल ते सगळं वाचलं होतं. धुण्याचंच तेवढं राहिलं होतं.

"ते जोराच्या पाण्याचं मशीन अजिबात नको," तो खुर्चीतून म्हणाला. "गिलाव्याचे पोपडे उडतात. मऊ ब्रश आणि साधा पाइप. आधी भिंत ओली कर, नाहीतर ती शेवाळाचं औषध पिऊन बसते. औषध खालून वर लावायचं, धुवायचं वरून खाली. चष्मा, हातमोजे घाल. औषधात दुसरं काही मिसळू नकोस. बाहेरच्या दिव्यांचा स्विच मी बंद केलाय."

"केवढे कष्ट ते!"

"आणि शिडी धरायला माणूस असल्याशिवाय चढायचं नाही. मी आहेच. आधी एका कोपऱ्यात करून बघ, रंग उतरला तर तेवढाच उतरेल."

हे धाकटीला एकदम पटलं. कोपरा कोणाचा, हे तो बोलला नव्हता. शेवाळाखाली झाकली तरी रेघ तिला पाठ होती. तिनं ब्रश हळूच रेघेपलीकडे, पांढऱ्यात नेला.

थोरली दारातच उभी असावी.

"भिंतीबाई," थोरली भिंतीकडे बघत म्हणाली, "स्वतःचं अंग सोडून दुसऱ्याला साबण लावणारी माणसं पाहिलीस का गं कधी?"

अबोला न मोडता बोलायची ही सोय घरात रुळलेली होती. इतरांकडे लेकी बोले सुने लागे. इथे लेकीची गरज नव्हती, भिंत होती.

"भिंतीबाई," धाकटी म्हणाली, "काहींना फुकट आंघोळ घातली तरी पाणी गारच लागतं बघ."

थोरली आत गेली ती चष्मा, हातमोजे आणि ब्रश घेऊनच आली. तिनंही करून बघायला कोपरा निवडला. मोतियातला.

धाकटीनं पांढऱ्यावर परातीएवढा गोल घासला. थोरलीनं मोतियावर पाटाएवढा चौकोन. धाकटी खिडकीपर्यंत पोचली. थोरली खिडकी ओलांडून गेली. काही उतरलंच तर दुसरीचं उतरावं, या शुद्ध हेतूनं दोघी इतक्या मन लावून घासत होत्या की स्वतःची भिंत कोणी एवढा जीव तोडून घासली नसती. हिरवा फेस कोपरापर्यंत आला. थोरलीच्या नाकावर एक बुडबुडा बसला. तो सांगायची सोय नव्हती, म्हणून धाकटीनं भिंतीला सांगितलं. थोरलीनं भिंतीचे आभार मानले आणि नाक पुसलं.

उरलं वरचं. नवऱ्यानं शिडी लावली, धरली; धाकटी पाइप घेऊन चढली. तेवढ्यात आत फोन वाजला आणि सुरक्षिततेचा तो महामेरू "आलोच" म्हणून निघून गेला.

शिडी डुगडुगली. धाकटीनं एका हातानं वरची पायरी पकडली. हाक मारली तर रंग हरला. न मारली तर हातपाय. तिनं डोळे मिटले.

शिडी एकदम घट्ट झाली. खाली थोरली दोन्ही हातांनी शिडीला बिलगली होती आणि तोंड वळवून रस्त्याकडे बघत होती, जणू शिडी तिला वाटेत सापडली होती.

धाकटीनं वरून पाणी सोडलं. हिरवे ओघळ खाली गेले आणि भिंत उघडी पडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पांढरा पिवळटला होता, मोतिया विटला होता, आणि वाटेत दोघे एकमेकांना भेटले होते. सगळी भिंत एका रंगाची.

"अगंबाई, रेघ कुठे गेली?"

दोघी एकदमच बोलल्या. तेही एकमेकींकडे बघून.

"तू आधी बोललीस," थोरली म्हणाली.

"छे हो जाऊबाई, मी भिंतीला विचारलं!"

"मग काय म्हणाली भिंत?"

"म्हणाली, थोरलीच्या डोक्यावर फेस आहे."

थोरलीला हसू फुटलं. तिच्या हसण्यानं शिडी हलली, शिडीनं धाकटी हलली, धाकटीच्या हातून पाइप फिरला आणि थोरलीच्या डोक्यावरचा फेस तेवढा धुऊन निघाला.

"सोडू नका हं! जाऊबाई, सोडू नका!"

"सोडते कशी! अजून माझी बाजू... कुठली गं माझी?"

"कुणास ठाऊक!"

नवरा फोन संपवून बाहेर आला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं.

"शिडीवर हसू नये," तो गंभीरपणे म्हणाला. "तोल जातो."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि भिंतीकडे वळल्या.

"भिंतीबाई," थोरली म्हणाली, "यांना सांग, आत जाऊन चहा टाका म्हणावं."

"आणि म्हणावं," वरून धाकटी म्हणाली, "एकाच भांड्यात."