उदबत्तीने दाखवलेली खिडकी

सेतुमाधवरावांच्या कानाला यंत्र लागलं आणि नवीच पंचाईत झाली. तांबरमला त्यांच्या घरामागूनच रेल्वेचे रूळ जात. यंत्र बायकोच्या बोलण्याबरोबर गाडीचा खडखडाटही मोठा करी. त्रिपुरसुंदरी समोर बसून बोलायची आणि त्यांना नुसते तिचे ओठ हललेले दिसायचे.

"खिडक्या बदलू या," शेवटी तिनेच ठरवलं.

मापं घ्यायला दुकानातून लावण्या नावाची तरुणी आली. रावांनी तिला प्रश्नांनी भंडावून सोडलं. काच जाड घेतली की भागेल? दोन काचा लावल्या तर? मधे हवा किती ठेवायची?

"सार, आधी आवाज शिरतो कुठून ते बघू," ती तमिळमध्ये म्हणाली. "एक उदबत्ती द्या."

पंखा बंद करून तिने पेटती उदबत्ती बंद खिडकीच्या कडेने फिरवली. काचेपाशी धूर सरळ वर गेला. सरकती तावदानं एकमेकांवर येतात तिथे मात्र तो एकदम आत वळला.

"म्हणजे काच कितीही जाड घेतली तरी..."

"वारा येतो तिथून आवाजही येतो, सार."

रावांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ते उदबत्ती घेऊन शेजारच्या राघोत्तमकडे गेले.

"आज कसली पूजा?" राघोत्तमने विचारलं.

"खिडकीची!"

राघोत्तमची खिडकी दारासारखी उघडणारी होती, चौकटीला रबरी पट्टी. तिथे धूर जराही हलला नाही. रावांनी तशीच खिडकी ठरवली, आणि तिला दोन थर चिकटवून केलेली काच.

"घरघर थोडी राहीलच," लावण्याने आधीच सांगून ठेवलं.

राहिलीच. पण खिडकी बसली त्याच दुपारी, मागून गाडी जात असताना, रावांनी कॉफी मागितली आणि स्वयंपाकघरातून पुटपुट ऐकू आली, "तिसरी! पोट आहे की पिंप?"

"काय म्हणालीस?"

त्रिपुरसुंदरी दचकून दारात आली. "ऐकू आलं तुम्हाला?"

"स्पष्ट. रोज असंच बोलतेस?"

"चाळीस वर्षं झाली," ती ओशाळून हसली.

रावांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"मग बस इथे. आजवर काय काय म्हणालीस, पहिल्यापासून सांग."