सुनंदा नर्सचा जबाब

मनोरमा फणसे यांना सरकारी वकिली करत एकवीस वर्षं झाली होती, आणि गेली दोन-तीन वर्षं त्या सकाळी उठायच्या त्याच थकलेल्या. सोमवारपासून लक्ष्मणच्या खटल्यात साक्षी सुरू व्हायच्या होत्या. मानपूरजवळ हायवेवर भर दुपारी ट्रक अडवून चालकाला जबर मारहाण झाली होती. लक्ष्मण शहरातल्या अन्नपूर्णा भागातला रंगारी. आदल्या आठवड्यात मानपूरच्या ढाब्याला रंग द्यायला गेला होता, तेवढ्यावरून पोलिसांनी त्याला उचललं. अकरा महिने तो तुरुंगात होता.

शनिवारी मनोरमाबाईंनी पोलिसांची केस डायरी, म्हणजे तपासाची रोजची नोंद, पहिल्यांदाच पूर्ण वाचली. मध्येच एक जबाब निघाला. अन्नपूर्णातल्या एका दवाखान्याच्या सुनंदा नर्सने सांगितलं होतं, की त्या दुपारी लक्ष्मण आईला सलाइन लावायला घेऊन आला होता आणि संध्याकाळपर्यंत तिच्या खाटेशी बसून होता. हा कागद आरोपपत्राला जोडलेलाच नव्हता. बचावाच्या वकिलांना त्याचा पत्ताही नव्हता.

त्यांनी तपास अधिकारी सोलंकींना फोन लावला.

"मॅडमजी, वो अपने काम का नहीं था," सोलंकी म्हणाले. "ट्रकवाले ने पहचाना है ना उसको? बस."

"काम का नहीं था, तो लिखा क्यों?"

सोलंकींनी फोन ठेवला. बाईंच्यात रागवायचं त्राणही नव्हतं. कागद सोलंकींनी दाबला, पण डायरी आठ महिने त्यांच्याच कपाटात पडून होती. सत्तर फाइली आहेत, कुणाकुणाचं वाचू, असं त्यांनी मनाला समजावून पाहिलं. ते काही घशाखाली उतरेना.

सोमवारी त्यांनी जबाब अर्जासोबत न्यायाधीशांपुढे ठेवला आणि एक प्रत बचावाचे तरुण वकील अनीश यांच्या हातात दिली. अनीशने ती उभ्याउभ्या दोनदा वाचली.

"मॅडम, पण याने तर तुमचीच केस जाईल ना?"

"जाऊ दे. नर्सला बोलवायचा अर्ज आजच टाका."

दीड महिन्याने सुनंदा नर्स दवाखान्याचं रजिस्टर घेऊन साक्षीला आली. ओळख परेडच्या आधी पोलिसांनी आपल्याला फोटो दाखवला होता, हे ट्रकचालकानेही कबूल केलं. लक्ष्मण सुटला.

निकालानंतर त्याची आई, आनंदीबाई, व्हरांड्यात मनोरमाबाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, नर्सने तर तेव्हाच सांगितलं होतं. मग एवढे दिवस तो कागद होता कुठे?"

"माझ्या कपाटात. मी वाचला नव्हता."

म्हातारी रागावली नाही, हातही जोडले नाहीत. "पूरा साल गेला त्याचा," एवढंच म्हणाली आणि लेकाचा दंड धरून जिना उतरू लागली.

आतून पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. मनोरमाबाई आत गेल्या आणि त्यांनी पुढची तारीख मागितली.

"कारण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"डायरी वाचायची राहिली आहे, साहेब."