संजनाची सुट्टी

झेंडूचं शेवटचं कॅरेट टेम्पोत चढवून दीपकनं खिशात वाजणारा फोन बाहेर काढला. अमेरिकेतून त्याची बायको वैष्णवी बोलत होती. तिनं तिकिटं बघितली होती. नाताळच्या सुट्टीत लेकीला, संजनाला घेऊन येते म्हणाली, आणि आले की तिथंच राहीन.

दीपक बांधावर बसला. व्हिसा संपल्यावरही तो तिकडे काम करत राहिला होता. सापडला, आणि विमानात बसवून परत पाठवला गेला. आता दहा वर्षं त्याला त्या देशात पाऊल ठेवता येणार नव्हतं. गावात, मखमलाबादेत सगळ्यांना तो रजेवर आल्याचंच ठाऊक होतं; खरं काय ते फक्त आईला, सखुबाईला सांगितलेलं. वैष्णवी तिथं नर्स होती. तिच्या हॉस्पिटलनं तिला कायम राहता यावं म्हणून अर्ज केला होता. निकालाआधी तिनं देश सोडला, तर तो अर्जही बाद होणार होता.

दीपकनं पायाखालचं ढेकूळ हातात घेऊन चुरलं.

“येऊ नकोस,” तो म्हणाला.



सखुबाई शेजारच्या सरीत फुलं तोडत होती. नातीला तिनं काय ते फोनमध्येच पाहिलेलं. हात पदराला पुसत ती आली आणि तिनं फोन मागून घेतला.

“वैष्णवी, पोरगी तर तिथलीच हाय ना? तिला कोण अडवतंय? तिला धाड.”

खरंच होतं. संजनाचा जन्म तिकडचा, पासपोर्ट तिकडचा. तिघांत बिनघोर ये-जा करू शकणारी तेवढीच होती. वैष्णवीच्या हॉस्पिटलातली प्रतिभा सुट्टीत घोटीला माहेरी येणार होती. तिच्यासोबत पोरीला पाठवायचं ठरलं. ती परत कधी जाणार, ते मात्र ठरलं नव्हतं.

सखुबाईनं आतली खोली रंगवून घेतली. दीपक एकदा गावातल्या शाळेत जाऊन आला. वर्षाच्या मध्येच पहिलीत प्रवेश मिळतो का, असं त्यानं बाईंना सहज म्हणून विचारलं. मिळतो, बाई म्हणाल्या.

मुंबईच्या विमानतळावर दोघं तिला आणायला गेली. प्रतिभाचा हात धरून संजना बाहेर आली, बापाकडे क्षणभर बघत राहिली आणि मग पळत येऊन त्याच्या कमरेला बिलगली. परतीच्या वाटेवर ती आजीशेजारी बसून अखंड बोलत होती. कसारा घाटात ती पुढच्या सीटकडे वाकली.

“पप्पा, आई एकटी झोपेल?”

“हो,” दीपक म्हणाला.

घोटीत गाडी थांबली तेव्हा संजनाला झोप लागली होती. दीपकनं प्रतिभाची बॅग उतरवून दिली.

“तुमची परत जायची तारीख कळवा,” तो म्हणाला. “त्या दिवशी हिला मी इथं आणून सोडतो.”

मागच्या सीटवर सखुबाईनं नातीचे बूट हळूच काढले आणि तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले.