मजकूर तुमचाच

मी एक चपटा ब्रश बोलतोय. माझे केस विरळ झालेत, पण भोचकपणा काही गेलेला नाही. अंथुर्णे गावच्या गेणू पेंटरच्या हातात मी बारा वर्षं काढली. रसवंती, सलून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची मागची फळी, कुठंही निघालो की मला एकच उत्सुकता, आज काय लिहायचं?

गेणू गिऱ्हाइकाला विचारायचा, "मजकूर सांगा." मजकूर मिळाला की हात सुरू. स्वतःच्या मनातलं त्यानं कधी एक अक्षर काढलं नाही. खाली कोपऱ्यात बारीक 'गेणू, अंथुर्णे', एवढंच काय ते त्याचं.

गेल्या वर्षी तो गप्प झाला. काम दारात आलं तरी उठेना, जेवेना, बायकोशीही बोलेना. मी रंगातच वाळून कडक झालो. माणसाच्या डोक्यात असं काय बिघडतं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच्या बायकोनं, चंद्राबाईनं, त्याला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या. शिवाय दर गुरुवारी तिथं चित्रांचा वर्ग असे. चंद्राबाईनं मला थिनरमध्ये भिजवून मऊ केलं आणि पिशवीत टाकलं.

वर्ग घेणाऱ्या माधवी मॅडमनी कोरा कागद दिला. "मनात येईल ते काढा."

"मजकूर?"

"मजकूर तुमचाच."

गेणू गडबडला. तासाभरानं त्यानं कोपऱ्यात बारीक लिहिलं, 'गेणू, अंथुर्णे'. बाकी कागद कोरा. सहा गुरुवार हेच! माझा जीव नुसता चुळबुळत होता. मॅडम मात्र रागावल्या नाहीत, सहाही कागद त्यांनी भिंतीवर ओळीनं लावले.

सातव्या गुरुवारी गेणूनं भिंतीकडं पाहिलं. "मॅडम, पाट्या रिकाम्या बऱ्या दिसत न्हाईत."

"मग?"

त्यानं मला लाल रंगात बुडवलं. मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिलं, 'मला भीती वाटते.'

चंद्राबाई बाहेर बाकावर बसली होती. एका हातात कागद, दुसऱ्यात मी, असा गेणू तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. तिला वाचता येत नाही. "काय लिवलंय वो?"

आता त्याला बोलावंच लागलं. "मला लई भ्या वाटतंय, चंद्रे."

"मग इतकं दिस सांगायचं न्हाय व्हय?" म्हणाली आणि तिथंच रडायला लागली. गेणूनं तिचा हात धरला. मला दुसऱ्या हातात धरलं होतं, तिच्या पदराला लाल डाग पडला.

गोळ्या चालू आहेत. वाईट दिवस अजून येतात. तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं असेल, तर त्याला तुमचा मजकूर सांगू नका. दवाखान्यात न्या, कागद द्या आणि थांबा, सहा गुरुवार लागले तरी.

उद्या पुन्हा गुरुवार. काय लिहायचंय, मला माहीत नाही. पण सकाळपासून गेणूनं मला दोनदा धुऊन ठेवलंय.