साखळीच्या खोट्या रेघा

डार्सी पुलब्रुकला कुणाची तरी खोडी काढल्याशिवाय अन्न पचायचं नाही. नवखा कुणी नवंकोरं मेटल डिटेक्टर घेऊन माळावर सोनं शोधायला आला, की हा आदल्या संध्याकाळी त्याच्या वाटेत शिशाचे छर्रे पेरून यायचा. यंत्र ओरडायचं, बिचारा दिवसभर टिकाव मारून घामाघूम व्हायचा, आणि संध्याकाळी चहाला टेकला की डार्सी सुतकी तोंड करून विचारायचा, "काय मग, शिशाची खाण लागली म्हणे?"

पण या खेपेची खोडी त्याने कुणालाच सांगितली नव्हती. क्लेमला तर नाहीच नाही.

क्लेम त्याचा भागीदार. पंच्याहत्तरीचा, डोळ्यांनी अधू, पण कान असे की मुंगी चालली तरी कळावं. पश्चिम ऑस्ट्रेलियात, लिओनोरा गावाच्या पूर्वेला या लाल माळावर दोघं दर हिवाळ्यात तळ ठोकायचे. दोघांच्या दोन गाड्या, दोन कॅरॅव्हॅन आणि सोन्यासाठी जॅमची एकच बाटली. ज्याला जे सापडेल ते बाटलीत, हिवाळा संपला की अर्धं-अर्धं. कागद नाही, सही नाही.

आणि काल डार्सीला एका सपाट तुकड्यावर सोन्याचे खडे सापडले होते. एका पाठोपाठ एक. बहुतेक डाळीएवढे, एक तर चांगला चिंचोक्याएवढा. ते बाटलीत गेलेच नाहीत. ते त्याच्या जाड मोज्यात गेले. 'दोन दिवसांनी सांगू की,' असं त्याने स्वतःला समजावलं. स्वतःला गंडवण्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता.

आता प्रश्न पर्थहून आलेल्या दोघा भावांचा होता. त्यांची यंत्रं महागाची, आणि ती पोरं सरकत सरकत तिकडेच चालली होती. मग डार्सीने डोकं चालवलं.

त्या माळावर सगळं सारखंच. लाल माती, मल्गाची झुडपं, परत लाल माती. कुठली जमीन तपासून झाली हे कळावं म्हणून शोधणारे कमरेला साखळी बांधतात. ती मागून फरफटत येते, मातीत रेघ उमटते. रेघ दिसली की दुसरा म्हणतो, इथलं कुणीतरी आधीच चाटूनपुसून नेलंय, आणि पुढे जातो. डार्सीने यंत्र ठेवलं गाडीत आणि नुसती साखळी ओढत सगळ्या तुकड्यावर रेघाच रेघा मारल्या. हुरूप असा चढला की तिथे थांबला नाही. पलीकडे जुन्या खाणीच्या विहिरी होत्या, शंभर वर्षांपूर्वी खणून तशाच उघड्या टाकलेल्या, तिथपर्यंत जाऊन वळसे मारून आला. येताना एकटाच खिदळत होता.

आज सकाळी क्लेम नेहमीसारखा उजाडताच पायी निघून गेला.

दुपारी जॉयलीन, म्हणजे क्लेमची बायको, सॉसेज तळत होती. तिने तवा खाली उतरवला.

"डार्सी, अरे म्हातारा आला नाही अजून."

"येईल गं. सापडला असेल मोठा गोळा. आपल्याला सोडून पळाला असेल एखादीला घेऊन."

"त्याला कोण नेतंय! पण घड्याळ चुकेल, त्याचं पोट चुकायचं नाही. आणि पाणी एकच बाटली नेलंय." तिने डोळ्यांवर हात धरून माळाकडे बघितलं. "तू त्याला ते वाट दाखवायचं यंत्र आणून दिलंस तर म्हणतो कसा, घरी एक बाई रस्ता दाखवतेय तेवढी पुरे."

डार्सी हसला. मग त्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

क्लेम परत कसा यायचा? आपल्याच साखळीच्या रेघेवरून. मान खाली, नजर रेघेवर, रेघ संपेल तिथे तळ. आणि डार्सीची साखळी क्लेमच्याच साखळीचा अर्धा तुकडा होती. त्यानेच कापून दिली होती. म्हणजे दोघांच्या रेघा हुबेहूब सारख्या.

"मी बघून येतो," डार्सी म्हणाला.

"कुठल्या बाजूला गेला तुला ठाऊक आहे?"

"अंदाज आहे."

गाडी त्याने जमेल तिथवर रेटली. उतरल्यावर समोर रेघा. क्लेमची कुठली, आपली कुठली, त्याचं त्याला कळेना. एकीमागे गेला, ती गोल फिरून परत त्याच जागी आली. दुसरी पकडली, ती तिसरीत घुसली. काल ज्या रेघांवर हसू येत होतं त्या आज सापासारख्या पसरल्या होत्या.

"क्लेम! ए म्हाताऱ्या!"

वारा नाही, पाखरू नाही. नुसत्या माश्या. आणि ओरडून उपयोग काय? क्लेमच्या कानांवर हेडफोन असणार.

मग त्याला सुचलं. दोन डिटेक्टर जवळ चालू असले की एकमेकांत किरकिरतात. यावरून दोघांचं रोज भांडण. "लांब मर की! तुझ्यामुळे माझं यंत्र रडतंय," असं क्लेम रोज ओरडायचा. डार्सीने स्वतःचं यंत्र काढलं, हेडफोन चढवले आणि चालू केलं.

एकसुरी गुणगुण. तो चालत राहिला. गुणगुण तशीच. तुकडा ओलांडला, आणि मग सूर किंचित थरथरला. अजून चार झुडपं पुढे, आणि तो किरकिरायला लागला.

किरकिर वाढत होती ती विहिरींच्या बाजूला.

त्याच्या बुटांखालची जमीन पोकळ वाजायला लागली. तो पोटावर आडवा झाला आणि सरपटत पुढे सरकला. रेघ थेट एका विहिरीकडे गेली होती. काल तो इथे काठावरून झोकात वळला होता. आता काठ तिथे नव्हताच. ताजी लाल माती आत घसरलेली दिसत होती.

त्याने हेडफोन काढले. "क्लेम?"

मग खालून, जमिनीच्या पोटातून यावा तसा आवाज आला.

"पुढे येऊ नकोस रे. काठ कुजलाय."

डार्सीने कपाळ मातीला टेकवलं. "लागलंय का?"

"पाय गेलाय. बरगड्या पण. श्वास घेतला की खुपतंय." थांबून थांबून तो बोलत होता. "रेघ धरून घरी चाललो होतो. म्हटलं, सकाळी एवढा लांब आलो होतो होय? कुणी ओढल्या रे त्या रेघा? पर्थच्या पोरांनी?"

डार्सीने कमरेचा छोटा वायरलेस काढला.

"तू बोलू नकोस," एवढंच तो म्हणाला. "जॉयलीनला बोलावतो."

वायरलेसवर जॉयलीन लगेच आली. "सापडला? बोल ना!"

"सापडला. विहिरीत पडलाय. शुद्धीवर आहे. इस्पितळाला कळव, आणि त्या पोरांना दोर घेऊन पाठव, लगेच."

"पोरं इथेच आहेत. म्हणतात, तिकडे सगळीकडे रेघा आहेत. त्या धरून येतील."

"नको!" तो ओरडला. "रेघा धरून कुणी यायचं नाही. त्या विहिरींवरूनच फिरवतील. दुसरा कुणीतरी पडेल."

"का? कुणाच्या आहेत त्या?"

वायरलेस खरखरत राहिला. एक थाप मारली असती तर खपली असती. त्याच्या थापा नेहमीच खपायच्या. पण पोरं त्या मातीवर पाय ठेवणार होती.

"माझ्या," डार्सी म्हणाला. "मी मुद्दाम मारल्यात. मला सोनं सापडलं होतं, ते लपवायला. तुमच्यापासनंसुद्धा. माझी गाडी दिसेल तिथवरच या, मग मी सांगतो तसं."

पलीकडे मागे कुठेतरी गाडीचं दार आपटलं.

विहिरीचं तोंड त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं, आणि क्लेमचे कान कसे होते ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"क्लेम," त्याने हाक मारली. "ऐकलंस ना? दे शिव्या. चांगल्या आईवरून दे. मी इथेच आहे."

काठाच्या मातीचा एक ढेपळा सुटला आणि खाली कुठेतरी टपकला.

"राग आला असेल तर बोलू नकोस. नुसता दगड वाजव. एकदाच."

त्याने श्वास रोखून कान लावला. म्हातारा रुसलाय, माझीच खोडी काढतोय, असं तो मनाशी घोकत राहिला. आणि अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच, कुणीतरी आपल्याला फसवत असावं म्हणून डार्सी पुलब्रुकने देवाचा धावा केला.