इस्त्रीवाल्या मावशीच्या गाण्याला ढोल

बारकीची ही शेवटची संधी होती. मागच्या वर्षी संगीत महाविद्यालयाने तिचा पोर्टफोलिओ परत पाठवला होता आणि वर शेरा मारला होता, 'स्वतःपलीकडचं काही ऐकलेलं दिसत नाही.' यंदाही हुकलं तर गुमान दुकानात बसायचं, हे वडिलांनी सांगून टाकलं होतं.

म्हणून तिने परक्या भाषेतलं गाणं गाठलं. वसतिगृहाच्या जिन्याखाली इस्त्री करणारी मावशी मूळची दूरदेशची. काम करता करता आपल्या भाषेत काहीतरी म्हणायची. बारकीने ते फोनवर टिपलं, मागे दणकून ढोल घातला आणि सोबतच्या माहितीत ठोकून दिलं, 'कष्टकऱ्यांचं आनंदगीत'. अर्थ विचारायचं म्हणाल, तर नाव नको! चाल उड्या मारतेय म्हणजे आनंदच असणार की.

जमा करायच्या आदल्या दिवशी आठवलं, गाणाऱ्याची सही लागते. ती धावतच खाली गेली आणि मावशीच्या कानांना हेडफोन लावला. मावशीने इस्त्री उभी करून ठेवली, शेवटपर्यंत ऐकलं.

"ढोल कशाला गं?"

"मजा यावी म्हणून. आनंदाचंच आहे ना?"

"पोरांना शाळेसाठी उठवायचे मी हे म्हणून. तिघांची नावं आहेत यात. घर कोसळलं तेव्हा आत झोपली होती. अजून उठवते, झालं."

बारकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर, त्यातही तिला उद्याची धास्ती वाटलीच.

"मी नाही देत हे," ती म्हणाली.

"मग दुसरं काय देशील?"

दुसरं काय डोंबल होतं तिच्याकडे!

"आण तो कागद," मावशी म्हणाली. "तुझं तरी मार्गी लागू दे."

नको म्हणायला हवं होतं ना? पण तसं म्हणाली नाही. सही घेतली. परीक्षक कंटाळतील म्हणून ढोलही तसाच ठेवला. 'आनंदगीत' तेवढं खोडलं आणि तिथे तिघा पोरांची हकिकत लिहिली.

निवड झाली. 'परक्या संस्कृतीची जाण: उत्तम.' बारकी सांगायला खाली गेली, तर मावशी मुकाट्याने कॉलर दाबत होती.

"हल्ली म्हणत नाही, मावशी?"

"सुरू करते गं. पण पहिलं नाव घेतलं की तुझा ढोल वाजतो डोक्यात. मग थोरल्याचा चेहराच येत नाही समोर."

बारकीला रडू फुटलं. "मी काढते तो ढोल, मावशी. आत्ताच्या आत्ता काढते."

"कुठून काढशील?" मावशीने विचारलं.