डावं अंडाशय राहिलं

पाणी उतरलं की जापुरा नदीच्या फाट्यात वाळूची बेटं वर येतात, आणि तेवढे दोन महिनेच आमचं काम चालतं. जाळ्यात बोतु, म्हणजे नदीतला डॉल्फिन, धरायचा, ओल्या गादीवर ठेवायचा, सोनोग्राफी करायची आणि पंधरा मिनिटांच्या आत परत सोडायचा. माझ्याकडे घड्याळ आणि श्वास. बोतुने फुस्स केलं की मी मोठ्याने आकडा म्हणायचा आणि वहीत खूण करायची.

त्या दिवशी माझी चार महिन्यांची तैना समोरच्या तरंगत्या घरात नणंदेपाशी होती. मध्ये शंभरेक हात पाणी. दर खुणेनंतर मी तिकडे पाहत होते, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

जाळं ओस्मारिनोकाकांचं. तीस वर्षं पिरारुकू मासा धरत आलेला माणूस. त्यांची माणसं वल्ह्यांनी पाणी बडवत बोतुला जाळ्याकडे आणतात. बाळंतिणीने बोतुजवळ येऊ नये, असं त्यांनी सकाळीच मला सुनावलं होतं. बोतु माणसाचं रूप घेऊन भुलवायला येतो, असं आमच्याकडे मानतात. जाळ्यात मादी आली तेव्हा काका म्हणाले, "नर असता तर टोपी घालून, माणूस बनून तुझ्या दारात आला असता. आता नवऱ्याला सांभाळ, इरासी."

हंगामातली ती पहिलीच मादी. डॉक्टर ग्लाउसिआ उन्हात दिसावं म्हणून काळ्या कापडाखाली डोकं घालून सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत होत्या. जिवंत मादीची दोन्ही अंडाशयं एकदाही त्यांना पुरती मोजता आली नव्हती. गर्भ नाही, त्या म्हणाल्या. उजवं सापडलं, मापं मी लिहिली. डावं आतड्यांमागे होतं.

सहाव्या मिनिटाला तैना रडायला लागली. माझा सदरा दुधाने भिजला. वही छातीशी धरून मी मादीच्या पोटाकडे पाहिलं. शेपटीकडच्या फटीच्या दोन्ही बाजूंना स्तनांच्या बारीक चिरा असतात, त्यातली एक फुगलेली वाटली. पाणी असेल, असं स्वतःला सांगितलं. बाळंतपणापासून मला सगळीकडे दूधच दिसतं, यावरून डॉक्टरबाई हसायच्याही.

तरी मी म्हटलं, "डॉक्टर, प्रोब जरा खाली लावता?"

"आत्ता कुठे डावं हाताला लागतंय, इरासी. तुझी पोरगी रडते म्हणून हिलाही पोर आहे, असं नसतं."

मी एक श्वास मोजायला चुकले. सहा हंगामांत पहिल्यांदाच. त्यांनी कापडाखालून माझ्याकडे पाहिलं आणि प्रोब खाली सरकवला. पडद्यावर रुंद, काळ्या नळ्या दिसल्या. दुधाने भरलेल्या.

पिल्लू कुठे, हे कोणी विचारण्याआधीच काका म्हणाले, "छोटं होतं की बरोबर. मी जाळं उचलून बाहेर घातलं त्याला."

त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. पिरारुकू धरताना दीड मीटरच्या आतला मासा सोडून द्यायचा, हा गावाचा नियम त्यांनीच बसवलेला. हात सवयीने चालला. आणि बाकीचे मागून पाणी बडवतच राहिले होते, म्हणजे पिल्लू लांब पळालं असणार.

नऊ मिनिटं झाली होती. डॉक्टरबाईंची सहा शिल्लक होती, आणि या हंगामात दुसरी मादी मिळेलच असं नव्हतं. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मी दोन श्वास मोजले. मग त्यांनी कापड काढलं.

"उचला."

मादी पाण्यात गेली. काकांनी सगळी वल्ही होडीत ठेवायला लावली आणि तोंडावर बोट ठेवलं. तैनाचं रडणं तेवढं येत होतं. वळणाकडून एक फुस्स आलं, मोठं. मग तसलंच दुसरं. मी मोजतच होते. सातव्याच्या मागोमाग एक बारीक, अर्धवट आवाज आला, शिंकेसारखा. आठव्यामागेही आला.

काकांनी टोपी काढून डोकं पुसलं. "होडी काढा रे," ते म्हणाले. "हिलाही पलीकडे पोरीपाशी सोडा."

डाव्या अंडाशयापुढे मी 'पाहिलं नाही' असं लिहिलं, वेळ टाकली आणि होडीत बसले.